एसटीत धरलेला हात

हसणार असाल तर आधी चहा संपवून घ्या. मागं एकदा पाहुण्यांना अर्ध्या कपावर हे सांगायला बसलो, तर त्यांना असा ठसका लागला की पाठ थोपटण्यातच सगळा वेळ गेला. फजिती माझीच आहे. पण गंमत अशी, की ती सांगताना माझी मान खाली जात नाही, उलट छाती जरा पुढंच येते. कशी, ते ऐका.

आधी हा हात बघा. डावा. कोपराखाली थोडासा माझा आहे, पुढचा सगळा मशीनचा. लावा की हात, संकोच कसला?

मी बारामतीत ठिबकच्या नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह असलं सामान विकतो. दोनेक वर्षांमागं लासुर्ण्याजवळ सासऱ्यांच्या वस्तीवर गेलो होतो. ते गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन चालवत होते आणि मी आपला हौसेनं पेंढ्या पुढं सारत होतो. मध्येच लाईट गेली. मशीन थांबलं. तोंडाशी कडबा अडकला होता, तो काढायला मी हात आत घातला आणि नेमकी लाईट आली. यापुढचं मला आठवत नाही, आणि तुम्हालाही चहाबरोबर ऐकायचं नसेल.

हात गेला तो गेला. पण त्याच्याबरोबर आमचे सासरेही गेले. तसं नाही हो, माणूस खणखणीत आहे. फक्त माझ्यासमोर यायचे बंद झाले. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्या दिवशी मशीनच्या बटणापाशी तेच उभे होते. लाईट गेल्यावर बटण बंद करायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं होतं? पण त्यांनी ते असं मनाला लावून घेतलं की मशीनच विकून टाकलं. दवाखान्यात आले, तर खाली झाडाखाली बसून राहिले, वर खाटेपाशी आले नाहीत. पुढं कुणाच्या कार्यात मी मांडवात शिरलो की आबा मांडवाबाहेर.

मला त्यांच्यावर राग नव्हता. पण राग नाही, हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं. जावयानं सासऱ्याला असलं काही कसं सांगायचं, तुम्हाला माहीत आहे? मला तरी नव्हतं.

तर मग पुण्याला जाऊन हा हात बसवून घेतला. कोपराखालचा एक स्नायू आवळला की बोटं मिटतात, दुसरा आवळला की उघडतात. पण खरी खुबी ह्या दंडावरच्या पट्ट्यात आहे. बोटांच्या टोकांना काही लागलं की हा पट्टा दंडावर थरथरतो. हलकं धरलं तर हलकी थरथर, उशीखाली मोबाईल वाजावा तशी. जोरात आवळलं तर जोरात. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी माझ्या ह्या बोटांत पाण्यानं भरलेला कागदी कप दिला. थरथर हलकी ठेवत मी तो उचलला, तोंडाला लावला, प्यायलो. कप चेपला नाही, थेंब सांडला नाही. इतक्या दिवसांनी डाव्या बाजूनं मला काहीतरी 'लागलं' होतं. मी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो.

नंतर मॅडमनी नीट बजावलं. "हा पट्टा किती जोरानं धरलंय एवढंच सांगतो. काय धरलंय ते नाही सांगत. गाडीत बसलात तर गाडीची थरथर ह्याच्यात मिसळणार. आणि बॅटरी संपत आली की हा तीन झटके देतो. तेव्हा हातातलं खाली ठेवा. बॅटरी संपली की बोटं आहेत तिथंच अडकतात, आणि जोर लावून उघडायला गेलात तर आतले गिअर तुटतात."

मी सगळ्याला हो हो म्हणालो. आणि ऐकलं काय? तर हा हात लय भारी आहे, एवढंच.

दुकानात माझा खेळच सुरू झाला. गिऱ्हाईक नळी न्यायला यायचं आणि कच्चं अंडं बघून जायचं. मी ह्या हातानं अंडं उचलायचो, फिरवून दाखवायचो, परत ट्रेमध्ये ठेवायचो. लोक माना डोलवायचे. मग माझी भीड इतकी चेपली की मी डोळे मिटून सांगायला लागलो, "द्या काहीपण हातात, काय आहे ते ओळखतो." कुणी पाव द्यायचं, कुणी विटेचा तुकडा. बरोबर यायचं. आता पाव आणि वीट ओळखण्यात काय मोठेपणा, असं तुम्ही म्हणाल. पण त्या वेळी मला कोण बोलणार?

एक गोष्ट मात्र आतून टोचत होती. हात सगळ्यांनी बघितला, बोटानं टकटक करून बघितला, पण धरला कुणीच नाही. आमची सुनंदासुद्धा, म्हणजे आमची बायको, बाजारात चालताना माझ्या उजव्या बाजूनंच चालायची.

अशात निमगाव केतकीला मेव्हणीच्या नव्या घराची वास्तुशांत आली. सकाळी निघताना सुनंदा म्हणाली, "हे बघा, तिथं अंडं काढायचं न्हाय. पूजा हाय."

"बरं, लिंबू घेतो."

"वास्तुशांतीत लिंबू फिरवताय? लोक काय म्हणतील?"

"अगं, पण पावणे विचारतीलच की."

"इचारू द्या. आन् चार्जिंग बघितलं का?"

"फुल आहे," मी जोरात म्हणालो. फुल होतं, पण आदल्या संध्याकाळी. त्यानंतर शेजारचे तिघं येऊन बघून गेले होते. त्यावरनं आमचं जरा वाजलंच. एसटी स्टँडवर गाडीला उशीर होता, तर तिथंही मी बाकड्यावरच्या मंडळींना एक-एक शेंगदाणा उचलून दाखवत बसलो. सुनंदा दुसरीकडं तोंड करून उभी.

गाडी आली ती भरूनच. आम्ही उभे. मी उजव्या हातानं वरचा दांडा धरलेला, पुढ्यात कुणाचं तरी पोतं, आणि डावा हात मागं लोंबकळत. सुनंदा माझ्या मागं. मान वळवायलाही जागा नव्हती. लासुर्ण्याला दोन उतरले आणि दहा चढले. पुढं एका वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, सगळी गाडी पुढं कलली आणि माझ्या दंडावर थरथर झाली.

बोटं धरली होती. कुणीतरी माझी ही बोटं धरली होती.

आता माझ्या मागं कोण? सुनंदा. मग दुसरं कोण असणार?

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हा हात हात म्हणून धरला होता. एवढ्यात ती पकड सैल व्हायला लागली. थरथर कमी झाली. ती लाजून सोडतेय, हे माझ्या ध्यानात आलं. मी हळूच स्नायू आवळला, बोटं मिटली, आणि मान थोडी कलती करून खांद्यावरून हळू आवाजात म्हणालो, "सोडायचा न्हाय. असाच धरून ठेवायचा."

पकड थबकली. पण सुटली नाही.

मला जोर आला. "लाजायचं कशाला? लोक बघतील तर बघू द्या. आपलंच माणूस हाय."

उत्तर नाही. नसू दे. सकाळचं भांडण मनात होतंच, म्हटलं तेही आताच मिटवून टाकू. "झालं-गेलं मनातनं काढून टाकायचं. मला राग न्हाय. चूक माझीबी हुतीच की." तरी उत्तर नाही, पण मागनं नाक ओढल्याचा आवाज आला. बघा, मी मनात म्हटलं, बायकोच्या डोळ्यांत पाणी आणलं. मग मला कुठं थांबायचं ते कळेना. "लई वाट बघितली मी. सगळ्यांनी हात बघितला, पण असा धरला कुणी न्हाय." आणि मग, ती सकाळी नवी जांभळी साडी नेसली होती ते आठवून, "आन् आज रंग लई खुलून दिसतुय."

दंडावरची थरथर वाढत चालली होती. मला वाटलं, तीच दाबतेय. म्हणून मीही दाबलं. थरथर आणखी वाढली, मी आणखी दाबलं. तुमच्या ध्यानात आलंय ना? अर्धी थरथर गाडीच्या इंजिनाची होती आणि अर्धी माझ्याच दाबण्याची. मीच माझ्याशी गुलूगुलू बोलत होतो म्हणा ना.

मग दंडावर टुक, टुक, टुक असे तीन झटके बसले. मला वाटलं, खोडी काढतेय. मी गालातल्या गालात हसलो आणि बोटं अजून आवळली. नंतर सगळं शांत झालं. थरथर नाही, काही नाही.

कंडक्टर ओरडला, "निमगाव केतकी. उतरून घ्या."

गर्दी हलली, मला मान वळवता आली. बघतो तर जांभळी साडी चार सीट मागं, खिडकीपाशी. सुनंदा पिशवी सावरत उठत होती. लासुर्ण्याला जागा रिकामी झाली तशी ती कधीच जाऊन बसली होती.

मग माझ्या हातात कोण?

गुलाबी फेटा. नवा, कडक, वास्तुशांतीसाठी बांधलेला. फेट्याखाली आबा. त्यांच्या गालांवरून पाणी मिशीत उतरत होतं आणि त्यांची चार बोटं माझ्या मुठीत होती.

स्नायू आवळला, बोटं उघडेनात. दुसरा आवळला, तरी नाहीत. तेव्हा कुठं मला ते तीन झटके कशाचे होते ते कळलं.

"आबा," मी म्हणालो, "हात सुटत न्हाय."

"असू द्या," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मलाबी सोडायचा न्हाय."

कंडक्टर दारात तिष्ठत होता. "आजोबा, हात सोडा, एकेक उतरा."

"सुटत न्हाय," आम्ही दोघंही म्हणालो.

"जावई दिसतोय," मागचा कुणीतरी म्हणाला. "लई जीव दिसतुय एकमेकांवर." आणि सगळ्या गाडीनं आम्हाला वाट करून दिली. आम्ही दोघं आडवे होऊन, खेकडे उतरावेत तसे पायऱ्या उतरलो.

खाली सुनंदा उभी. तिनं एकदा तिच्या वडलांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, मग आमच्या हातांकडं. दोन वर्षांत आबा माझ्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते. "हे काय?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"बॅटरी," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून एक श्वास घेतला. मग पिशवीत हात घालून चार्जर काढला. सकाळी भांडून झाल्यावर गुपचूप घेतला होता बघा. ही आमची सुनंदा.

त्या दिवशी नेमका बाजार. चार्जर लावायला स्टँडपासून हॉटेलापर्यंत जायचं म्हणजे भाजीवाल्यांच्या मधनं. आबांना त्या भागात सगळे ओळखतात. एक कांदेवाला उठून उभाच राहिला. "आबा, कुणाला धरलंय? पाकीट मारलं का काय ह्यानं?"

"जावई हायत माझं," आबा कडाडले.

"मग सोडा की."

"तुला काय करायचंय?"

पुढं दोघं-तिघं पाकीटमार बघायला मागं चालायला लागले. ते बघून आणखी चार आले. मी कानापर्यंत लाल झालो होतो. हळूच आबांना म्हणालो, "आबा, एक करता येतंय. हा पंजा मनगटापाशी फिरवला की निघतो. तुमी पंजा घेऊन पुढं चला, चार्ज झाला की बोटं मोकळी करतो."

आबा भर बाजारात थांबले. माझ्याकडं सरळ बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"नको," म्हणाले. "येकदा माझ्या गोठ्यात तुमचा हात गेला. आता माझ्या हातात काढून देऊ नका."

आम्ही तसेच चालत राहिलो. मघाचं लाजणं कुठं गेलं कुणास ठाऊक. खरं सांगतो, त्या बाजारातनं मी नंतर नवरदेवासारखा चाललो.

हॉटेलात बसलो, सुनंदानं चार्जर लावला, आणि कळलं की लाईट नाही.

"कवा येईल?" आबांनी विचारलं.

"आली म्हंजी आली," हॉटेलवाला म्हणाला. "च्या देऊ?"

आम्ही तिघांनी चहा घेतला. मी उजव्या हातानं, आबांनी डाव्या. बशी धरायला हात उरला नव्हता म्हणून सुनंदानं त्यांच्यासमोर बशी धरली. चहा पिता पिता आबा खाली बघत बोलले, "म्या बटन बंद कराया पायजे हुतं."

"आबा, हात मी घातला. तुमी घाला म्हनला नव्हता."

"तरीबी."

"तरीबी न्हाय आन् काय न्हाय. तुमी समोर येत न्हाय, त्याचं मला जास्त लागलं. हाताचं काय, दुसरा आणला. दुसरा सासरा कुठनं आणू?"

हे मात्र मी त्यांनाच म्हणालो, नीट समोर बघून. आबांनी फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं. सुनंदा उठून उगाच हॉटेलाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

बऱ्याच वेळानं लाईट आली. दिवा लागला तसे आबा दचकले, पण त्यांनी हात ओढला नाही. थोडं चार्जिंग झाल्यावर मी जपून स्नायू आवळला आणि बोटं उघडली. आबांची चारही बोटं लालबुंद झाली होती, त्यांच्यावर माझ्या बोटांचे ठसे. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आबा बोटं उजेडात धरून बघत म्हणाले, "ताकद हाय की ह्याच्यात."

वास्तुशांतीच्या घरी पोचलो आणि मग आबांना आवरणं कुणालाच जमलं नाही. पूजा उरकली, जेवणं झाली, आणि ओसरीवर पावण्यांच्या मधोमध ते मला शेजारी घेऊन बसले. आपली लाल बोटं एकेकाला दाखवायला लागले, जशी काय कुस्ती मारून आले आहेत. "बघा, ही पकड. माझ्या जावयाची. आन् ह्याच हातानं शेंगदाणा फुटू न देता उचलत्यात." त्यांनी मला शेंगदाणा उचलायला लावलं. एका पावण्यानं कौतुकानं माझा हात धरला, मग दुसऱ्यानं, मग पोरीबाळींनी रांगच लावली. दोन वर्षं ज्या हातापासनं आबा पळत होते, तोच हात आज ते सगळ्यांना वाटत होते. माझी छाती तेव्हा जी फुगली ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

मग कुणीतरी विचारलं, "पर आबा, तुमचं जमलं कसं?"

आबांनी घसा खाकरला. "गाडीत ब्रेक लागला, म्या आधाराला हात धरला. बघतुय तर ह्यांचा. तो हात. सोडाया लागलो, तर मागं वळून न बघता काय म्हनलं म्हाईत हाय? सोडायचा न्हाय म्हनलं. झालं-गेलं मनातनं काढून टाकायचं. मला राग न्हाय. आपलंच माणूस हाय." एका म्हाताऱ्या मावशींनी पदर डोळ्याला लावला. "येवढं मोठं मन. आन् वर मला बरं वाटावं म्हनून काय म्हनलं, तर आज रंग लई खुलून दिसतुय." आबांनी फेट्यावरून हात फिरवला. "फेटा नवा हाय न्हवं."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी जमेल तेवढं मोठं मन चेहऱ्यावर आणायचा प्रयत्न केला. सुनंदा पानाचं तबक फिरवत होती, ती जागीच थांबली. तिनं फेट्याकडं बघितलं. मग आपल्या साडीकडं. मग माझ्याकडं, आणि ते बघणं काही केल्या संपेना.

पुढं आबा आतल्या खोलीत आडवे झाले, पावणे पांगले, तशी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"गाडीतलं ते बोलणं आबांना हुतं का मला?"

खोटं बोलून काही उपयोग नव्हता. "तुला."

"सगळं?"

"सगळं. रंगाचंसुद्धा."

तिनं साडीच्या पदरावरून हात फिरवला. मला वाटलं, हिला भरून आलंय. म्हणून मी तिला नीट समजावून सांगायला लागलो, की गर्दी किती होती, इंजिनाची थरथर पट्ट्यात कशी मिसळते, मान कशी वळत नव्हती, आणि कुणाचा हात आहे ते ह्या पट्ट्यावर कळतच कसं नाही.

"ते पट्ट्याचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आपलं लगीन हून इतकी वर्सं झाली. भर एसटीत, चारचौघांत, मी कधी तुमचा हात धरलाय? ह्यो सोडा, पहिला हुता तवा तरी धरला हुता?"

मी आठवून बघितलं. "न्हाय."

"मग ती मीच असंन, असं तुमाला वाटलंच कसं?"

मी म्हणालो, "आबा हाक मारतायत वाटतं," आणि तिथनं सटकलो. आतल्या खोलीतून आबांचं घोरणं आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू येत होतं.